दहा ते चौदा : या वयातल्या मुलांना आधार कसा द्यायचा

कालपर्यंत शाळेतून आल्याबरोबर दिवसभराची सगळी हकीकत सांगणारं मूल अकराव्या-बाराव्या वर्षी एकाएकी "काही नाही" एवढ्यावर येतं. दार लावून बसतं, जेवताना मान वर करत नाही, साधं काही विचारलं तरी खेकसतं. अशा वेळी घरातली मोठी माणसं बहुधा दोन वाटांनी जातात. काही जण पकड घट्ट करतात. फोन तपासतात, मित्रमैत्रिणींकडे चौकशी करतात, प्रत्येक उत्तराची उलटतपासणी घेतात. काही जण दुखावून किंवा दमून बाजूला होतात आणि "वयच असं आहे, होईल आपोआप ठीक" असं स्वतःला सांगत राहतात. दोन्हींच्या मागे काळजीच असते. पण शेवट एकसारखाच होतो. मूल खरोखर अडचणीत सापडतं तेव्हा त्याच्याजवळ कुणी मोठं माणूस उरलेलं नसतं.

म्हणून पुढचं सगळं मी एकाच कसोटीवर घासून लिहिलं आहे. मी आत्ता जे करणार आहे, त्यामुळे हे मूल त्याच्या सगळ्यात वाईट दिवशी माझ्याकडे येण्याची शक्यता वाढेल की कमी होईल? ओरडण्याआधी, फोन काढून घेण्याआधी, शिक्षकांसमोर त्याची तक्रार करण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लागली, तर अर्धं काम झालं.

पायरी १ : आत काय चाललंय ते माहीत करून घ्या

मुलींमध्ये वयात येण्याच्या खुणा साधारण ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान दिसू लागतात, मुलांमध्ये ९ ते १४ च्या दरम्यान. म्हणजे एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांच्या शरीरात चार-पाच वर्षांचं अंतर असू शकतं आणि दोघंही अगदी ठीक असतात. उंची झपाट्याने वाढते तेव्हा एका वर्षात ८ ते १० सेंटिमीटरची भर पडते. हातपाय आधी लांब होतात, धड मागून येतं. त्यामुळे या वयात मुलं धडपडतात, वस्तू पाडतात. तो वेंधळेपणा मुद्दाम केलेला नसतो.

मेंदूचंही तसंच. भावना आणि बक्षिसाची ओढ सांभाळणारे भाग या वयात जोरात कामाला लागतात. थांबणं, पुढचा विचार करणं, परिणाम तोलणं ही कामं करणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. शांत बसलेल्या तेरा वर्षांच्या मुलाला "असं केलं तर काय होईल?" असं विचारा, तो बरोबर उत्तर देईल. तोच मुलगा चार मित्रांमध्ये उभा असताना नेमकं ते करून बसेल. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात किशोरवयीन मुलं, तरुण आणि प्रौढ यांना गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम दिला होता. काही जण एकटे खेळले, काही मित्रांसमोर. मित्र बघत असताना किशोरवयीन मुलांनी जास्त धोके पत्करले. प्रौढांमध्ये तसा फरक दिसला नाही. तेव्हा "तुला एवढंही कळत नाही का?" या प्रश्नाचं खरं उत्तर असं आहे की त्याला कळतं, पण त्या क्षणी ते कळणं कामी येत नाही. उपदेशापेक्षा प्रसंगाची आधी केलेली तयारी जास्त उपयोगी पडते ती यामुळेच.

झोपेबद्दलही सांगायला हवं. वयात येताना झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाची वेळ पुढे सरकते, काही मुलांमध्ये दोन तासांपर्यंत. रात्री दहाला झोप न येणं हा नेहमीच हट्ट नसतो. मात्र गरज कमी झालेली नसते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. चिडचिड, रडू येणं, अभ्यासात लक्ष न लागणं अशी तक्रार असेल, तर आधी आठवडाभराची झोप मोजा. कितीतरी घरांत स्वभाव बिघडला म्हणून जी चर्चा चालते, ती खरं तर अपुऱ्या झोपेची असते.

पायरी २ : शरीराबद्दल वेळेआधी बोला

मुलीला पाळीबद्दल पाळी आल्यावर सांगणं म्हणजे उशीर झाला. स्तनांची वाढ सुरू झाल्यावर साधारण दोन ते अडीच वर्षांनी पहिली पाळी येते, म्हणजे तयारीला पुरेसा वेळ हातात असतो. नऊ-दहाव्या वर्षी तिला स्पष्ट शब्दांत सांगा की रक्त का येतं, किती दिवस येतं, पॅड कसं लावायचं आणि दर चार ते सहा तासांनी का बदलायचं. दप्तरात पॅड आणि एक जास्तीची चड्डी असलेली छोटी पिशवी ठेवा. शाळेत डाग पडला तर काय करायचं, कुणाला सांगायचं, याची एकदा उजळणी करा. पहिली काही वर्षं पाळी अनियमित असते. दोन पाळ्यांमध्ये २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं, हे माहीत नसल्यामुळे मुली उगीच घाबरतात. सात दिवसांपेक्षा जास्त रक्तस्राव, दर एक-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजणं, शाळा बुडवावी लागेल इतकं दुखणं, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी न येणं, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना दाखवा. "सगळ्यांनाच दुखतं" म्हणून मुलीला गप्प बसवू नका.

मुलांच्या बाबतीत बहुतेक घरांमध्ये कुणी काही बोलतच नाही. आवाज फुटणं तेवढं सगळ्यांच्या लक्षात येतं आणि त्यावर हसलं जातं. पण नको त्या वेळी लिंग ताठ होणं आणि झोपेत वीर्य बाहेर येणं या गोष्टी त्याला आधी कुणी सांगितल्या नसतील, तर आपल्याला काहीतरी आजार झाला आहे असं समजून तो महिनोन्‌महिने मनात कुढतो. साधारण निम्म्या मुलांना या काळात एका किंवा दोन्ही स्तनांत थोडी सूज येते. बहुतेकांची ती सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जाते. तोवर तो शर्ट काढायला, पोहायला जायला, खेळाच्या तासाला कपडे बदलायला टाळाटाळ करतो आणि घरच्यांना वाटतं आळशी झाला. आणखी एक गोष्ट प्रत्येक मुलाला सांगितलीच पाहिजे. अंडकोषात अचानक जोराची कळ आली तर लाजायचं नाही, लगेच सांगायचं, मध्यरात्र असली तरी. अंडकोषाला पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांच्या आत उपचार व्हावे लागतात. लाजेपायी गेलेले तास भरून काढता येत नाहीत.

मुलीत आठ वर्षांच्या किंवा मुलात नऊ वर्षांच्या आधी बदल दिसू लागले, अथवा मुलीत तेरा आणि मुलात चौदा वर्षं उलटूनही काहीच दिसलं नाही, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मधल्या काळात जी मुलं इतरांच्या फार पुढे किंवा फार मागे असतात, त्यांच्याकडे जास्त लक्ष असू द्या. दहाव्या वर्षी तेरा-चौदाची दिसणारी मुलगी आतून दहाचीच असते. लोक तिच्याशी मोठ्या मुलीसारखं वागतात, काही जण नको त्या नजरेने बघतात आणि घरचेही तिच्याकडून जास्त समजूतदारपणाची अपेक्षा ठेवतात. तिला लहान राहायची मुभा द्या. उशिरा वाढणाऱ्या मुलाला उंचीवरून चिडवलं जातं, संघातून वगळलं जातं. त्याला "होशील रे मोठा" एवढं पुरत नाही. प्रत्येकाची वेळ वेगळी का असते हे आकड्यांसकट समजावून सांगा आणि उंचीवर अवलंबून नसलेलं एखादं कौशल्य त्याच्या हाती लागेल असं बघा.

वजन, रंग, मुरुमं, केस यांवर घरात कुणीही, थट्टेतसुद्धा, बोलायचं नाही हा नियम करा. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये या वयाचं एक वैशिष्ट्य नोंदवलं होतं. आपल्याभोवती सतत प्रेक्षक आहेत आणि सगळे आपल्याकडेच बघताहेत, असं मुलांना वाटत राहतं. अशा मनावर मोठ्यांची एक टिप्पणी वर्षानुवर्षं राहते. मूल जेवण टाळू लागलं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊ लागलं, चोरून खाऊ लागलं, किंवा वजन झपाट्याने उतरलं, तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा. खाण्याचे विकार मुलींनाच होतात हा गैरसमज आहे.

पायरी ३ : बोलण्याची पद्धत बदला

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, म्हणून यावर जरा जास्त वेळ घालवते.

समोर बसवून "चल, आपल्याला बोलायचंय" असं म्हटलं की मूल आक्रसतं. नजरेला नजर द्यावी लागत नाही, हात कशात तरी गुंतलेले असतात आणि संभाषणाला आपोआप शेवट असतो, अशा वेळी मुलं मोकळी होतात. बरोबर चालताना, भांडी पुसताना, प्रवासात, दिवा मालवल्यावर. रोज दहा-पंधरा मिनिटं असा वेळ ठेवा आणि त्यात अभ्यास, मार्क, खोलीचा पसारा यांपैकी एकही विषय काढू नका. पहिले कित्येक दिवस काहीच बोलणं झालं नाही तरी चालेल.

प्रश्नही बदला. "कसा गेला दिवस?" याला "बरा" हेच उत्तर येणार. त्याऐवजी "आज वर्गात सगळ्यात जास्त कोण वैतागलं?" किंवा "मधल्या सुट्टीत कुणाबरोबर होतास?" असं नेमकं विचारा. मुलं स्वतःबद्दल बोलण्याआधी दुसऱ्याबद्दल बोलून बघतात. "आमच्या वर्गातली एक मुलगी आहे ना, ती..." असं सुरू झालं तर कान टवकारा आणि चेहरा स्थिर ठेवा. तिथे तुमची परीक्षा चालू असते. "असल्या मुलींपासून लांब राहा" असं तुम्ही म्हणालात, तर ती मुलगी खुद्द तुमचीच लेक असली तरी ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. बारा वर्षांची मुलगी घरी येते आणि दप्तर फेकते.

"मी उद्यापासून शाळेत जाणार नाही."

"असं कसं चालेल? झालं काय एवढं?"

"तुला नाही कळणार, आई."

"अगं, एवढ्या-तेवढ्यावरून कुणी शाळा सोडतं का? दुर्लक्ष करायचं."

इथे संभाषण संपलं. आईने काही वाईट म्हटलेलं नाही, पण मुलीची गोष्ट सुरू व्हायच्या आधीच तिने उपाय देऊन टाकला. आता तोच प्रसंग दुसऱ्या तऱ्हेने.

"मी उद्यापासून शाळेत जाणार नाही."

"खूपच वाईट गेलेला दिसतोय आजचा दिवस."

"सगळ्या जणी माझ्याशी बोलायच्या बंद झाल्यात."

"सगळ्या? बाप रे. कधीपासून गं?"

"सोमवारपासून. मी आले की गप्प बसतात."

"रोज असं सहन करून घरी येत होतीस तू. मी नुसतं ऐकू, की आपण मिळून काही उपाय शोधूया?"

शेवटचा प्रश्न पाठ करून ठेवण्यासारखा आहे. बहुतेकदा मुलाला फक्त ऐकणारं कुणीतरी हवं असतं. उपाय हवा असेल तर ते स्वतः मागतं, आणि मागून घेतलेला सल्ला मानण्याची शक्यताही जास्त असते. शाळेला जायचं की नाही हे आजच ठरवायची गरज नाही. आधी भावनेला नाव द्या, मग गप्प बसा. ती शांतता भरून काढण्याचा मोह आवरा, कारण मूल त्याच वेळात पुढचं वाक्य जुळवत असतं.

गुपितांबद्दलचा करार आधीच करून टाका. "तू सांगितलेलं मी नातेवाइकांत, तुझ्या मित्रांच्या आईवडिलांत बोलणार नाही. फक्त तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर मला मदत घ्यावी लागेल, आणि ती घेण्याआधी मी तुला सांगेन." हे वचन पाळा. मुलीची पहिली पाळी किंवा मुलाचं पहिलं प्रेमपत्र फोनवर मावशीला सांगताना मुलाने ऐकलं, तर पुढची दोन वर्षं तुम्हाला काही सांगितलं जाणार नाही. आणि ते योग्यच होईल.

पायरी ४ : नियम थोडे ठेवा, पण खरे ठेवा

या वयात वाद होणारच. वाद घालणं म्हणजे मूल स्वतःचं मत घडवत असतं. सगळ्या गोष्टींवर भांडत बसलात तर सुरक्षिततेच्या बाबतीतला तुमचा शब्दही त्याच गर्दीत हरवतो. एक कागद घ्या आणि तीन रकाने करा. पहिल्यात ज्यांवर तडजोड नाही अशा चार-पाचच गोष्टी, जसं कुठे आहे ते सांगणं, दारू-तंबाखू-व्हेप (ई-सिगारेट) नाही, कुणावर हात उचलायचा नाही, नशेत असलेल्याच्या गाडीत बसायचं नाही. दुसऱ्यात चर्चेने ठरवायच्या गोष्टी, जसं झोपायची वेळ, फोन, पैसे. तिसऱ्यात पूर्णपणे मुलाच्या मर्जीवर सोडायच्या, म्हणजे केस, कपडे, खोलीतली मांडणी, आवडतं संगीत. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरा. केस कसे कापावेत यावरून तुम्ही हरलात तरी काही बिघडत नाही, आणि मुलाला मात्र स्वतःचं काहीतरी मिळतं.

नियम मोडला तर काय होईल हे आधी ठरलेलं असावं, मोडलेल्या गोष्टीशी जोडलेलं असावं आणि लवकर संपणारं असावं. उशिरा आल्यास पुढच्या वेळी एक तास आधी यायचं, एवढं पुरे. महिनाभर सगळं बंद, अशी शिक्षा मोठ्यांनाच पाळता येत नाही आणि मूल त्यातून फक्त लपवायला शिकतं. मारणं आणि चारचौघांत अपमान करणं यांनी तात्पुरती शांतता मिळते, पण वरच्या कसोटीवर दोन्ही सपशेल नापास होतात. वाद तापला तर "आत्ता आपण दोघंही चिडलोय, रात्री जेवल्यावर बोलू" म्हणा आणि रात्री खरंच बोला. तुमचं चुकलं असेल तर माफी मागा, "पण तूसुद्धा" न जोडता.

सुटकेचा एक मार्गही ठरवून ठेवा. मित्रांमध्ये "नको" म्हणणं अवघड असतं. मुलाने फोनवर एखादा ठरलेला शब्द किंवा चिन्ह पाठवलं की तुम्ही लगेच फोन करायचा आणि "ताबडतोब घरी ये" असं दरडावायचं. दोष तुमच्यावर येतो, मूल मित्रांसमोर लाजत नाही आणि सुटतं. त्या रात्री त्याला एकही प्रश्न विचारायचा नाही, ही अट तुम्ही पाळायची.

पायरी ५ : मित्र तुटणं आणि छळ यांतला फरक ओळखा

या वयात मैत्रीचे गट सारखे बदलतात. जिवलग मैत्रीण दुसऱ्या गटात जाणं हे दुःख मोठ्यांच्या दुःखाइतकंच खरं असतं. पण ते तुम्ही सोडवायचं नसतं. समोरच्या मुलीच्या आईला फोन करू नका. शाळेबाहेरची एखादी जागा, म्हणजे खेळ, वाचनालय, चित्रकलेचा वर्ग, जिथे वेगळी मुलं भेटतात, ती उभी करून द्या. एक जरी पक्का मित्र असला तरी मूल बरंच काही सहन करू शकतं.

छळ मात्र वेगळा. तो मुद्दाम केलेला असतो, पुन्हा पुन्हा होतो आणि त्रास देणाऱ्याचं पारडं ताकदीने, वयाने किंवा संख्येने जड असतं. कपडे फाटणं, वस्तू हरवणं, रविवारी संध्याकाळी पोटात दुखणं, शाळेचा रस्ता बदलणं ही त्याची चिन्हं. तेव्हा मोठ्यांनीच उतरायला हवं. "तूही दे ठेवून" हा सल्ला मुलाला आणखी धोक्यात घालतो.

आधी मुलाला सांगा की यात तुझी चूक नाही आणि मला सांगितलंस ते फार बरं केलंस. मग तारीख, जागा, काय घडलं, कोण हजर होतं याची नोंद करा आणि संदेशांचे स्क्रीनशॉट ठेवा. शाळेत जाण्याआधी मुलाशी बोला. त्याला सगळ्यात जास्त भीती असते ती तक्रारीनंतर काय होईल याची. शिक्षकांना लेखी द्या आणि नेमकं विचारा की मधल्या सुट्टीत, स्वच्छतागृहाजवळ, बसमध्ये लक्ष कोण ठेवणार आणि पुन्हा कधी भेटायचं. दोन्ही मुलांना समोरासमोर उभं करून हात मिळवायला लावणं हा उपाय नव्हे. ताकद असमान असताना त्याने त्रास वाढतो. आणि छळणारं मूल आपलंच आहे असं कळलं, तर झाकू नका, झोडपूही नका. त्याने काय केलं ते त्याच्याच तोंडून ऐका, भरपाई करायला लावा आणि त्याला स्वतःला कुठे त्रास होतोय का ते शोधा.

पायरी ६ : फोनचे नियम मुलाबरोबर बसून लिहा

सरसकट बंदी टिकत नाही. रात्री सगळ्यांचे फोन, मोठ्यांचेसुद्धा, झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला ठेवायचे हा एक नियम मात्र मी कुठल्याही घराला आग्रहाने सांगेन. त्याने झोप वाचते आणि रात्री उशिरा येणारे बरेच संदेशही टळतात. लपून चॅट वाचणं टाळा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातल्या १६व्या कलमात मुलांचा खाजगीपणाचा हक्क मान्य केलेला आहे. घरातही तो असायला हवा. लहान वयात देखरेख ठेवायची असेल तर ती मुलाला सांगून ठेवा आणि वय वाढेल तशी कमी करा. गंभीर धोक्याची शंका असेल तेव्हा हा नियम बाजूला ठेवावा लागतो.

एका प्रसंगाची तयारी आजच करून ठेवा. कुणी ओळख वाढवून मुलाकडून उघडा फोटो मिळवतं आणि मग पैसे दे किंवा आणखी फोटो पाठव, नाहीतर सगळ्यांना दाखवतो, अशी धमकी देतं. मुलगेही यात मोठ्या संख्येने अडकतात. भीती आणि लाज इतकी असते की काही मुलं जिवाचं बरंवाईट करायचा विचार करतात. म्हणून आधीच सांगून ठेवा, "असं कधी झालं तर मी फोन काढून घेणार नाही आणि ओरडणारही नाही. थेट माझ्याकडे ये." घडलंच तर पैसे द्यायचे नाहीत, आणखी काही पाठवायचं नाही, संदेश पुसायचे नाहीत. स्क्रीनशॉट घ्या, खात्याची तक्रार त्या ॲपवर करा, मग ब्लॉक करा आणि पोलिसांकडे जा. अमेरिकेतल्या नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन या संस्थेची 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा अठरा वर्षांखालच्यांचे असे फोटो सहभागी ॲपवरून हटवायला मदत करते. त्यासाठी फोटो कुणाला पाठवावा लागत नाही. फोनवरच त्याची एक डिजिटल खूण तयार होते आणि तेवढीच पुढे जाते. त्या काही दिवसांत मुलाला एकटं ठेवू नका.

पायरी ७ : अभ्यासाचा ताण

विषय वाढतात, शिक्षक बदलतात, आणि आधी सहज मार्क मिळवणारं मूल एकदम मागे पडतं. कारण शोधल्याशिवाय शिकवणी लावू नका. डोळे तपासा, झोप बघा, वाचताना अडखळतं का, फळा दिसतो का, वर्गात कुणाची भीती आहे का, ते पाहा. मोठं काम अर्ध्या तासात संपेल अशा तुकड्यांत कसं पाडायचं हे बरोबर बसून दोन-तीनदा दाखवा, मग सोडून द्या. कौतुक करताना मार्कांपेक्षा पद्धतीचं करा, "चुकलेली गणितं परत सोडवलीस ना, त्याने फरक पडला" असं. आणि भावंडांशी तुलना नको.

पायरी ८ : कधी थांबायचं नाही, ते ओळखा

चिडणं, एकटं बसणं, मूड जाणं हे या वयाचा भाग आहे. पण ते दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळपास रोज टिकलं आणि झोप, भूक, शाळा, मैत्री यांवर परिणाम होऊ लागला, तर ते वयावर ढकलू नका. या वयातलं नैराश्य उदासीपेक्षा चिडचिडीतून जास्त दिसू शकतं, म्हणून ते उद्धटपणा समजलं जातं. आवडीच्या गोष्टी सोडून देणं, वारंवार डोकं किंवा पोट दुखणं आणि तपासणीत काही न सापडणं, उकाड्यातही लांब बाह्या घालणं, "मी नसते तर बरं झालं असतं" अशी वाक्यं, स्वतःच्या लाडक्या वस्तू वाटून टाकणं, ही गंभीर चिन्हं आहेत.

शंका आली तर सरळ विचारा. "तुझ्या मनात मरण्याचे, स्वतःला संपवायचे विचार येतात का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, हे संशोधनातून स्पष्ट झालेलं आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर दचकू नका, शपथा घालू नका, "आमचा विचार केलास का?" असं म्हणू नका. "सांगितलंस ते बरं केलंस, आता हे तुला एकट्याने पेलायचं नाही" एवढं म्हणा. काही ठरवलं आहे का, साधन हाताशी आहे का, हे विचारा. घरातली औषधं, कीटकनाशकं, धारदार वस्तू, शस्त्र असेल तर ते, त्याच दिवशी कुलपात किंवा घराबाहेर. साधन हाताला लागू न देण्याने जीव वाचतात. मूल एकटं राहणार नाही असं बघा आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. ठरवलेली योजना असेल तर थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग. तुमच्या भागातल्या बालकांसाठीच्या आणि मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचे नंबर आजच सगळ्यांच्या फोनमध्ये भरून ठेवा.

कुणी लैंगिक त्रास दिल्याचं मुलाने सांगितलं, तर पहिलं वाक्य "माझा तुझ्यावर विश्वास आहे" हेच असावं. खोदून खोदून विचारू नका, ते काम प्रशिक्षित माणसाचं. त्या व्यक्तीपासून मुलाला लगेच लांब करा आणि तक्रार करा, ती व्यक्ती घरातली असली तरीही.

संवाद आधीच तुटला असेल तर

हे वाचणाऱ्या अनेकांच्या घरी दार बंद झालेलंच असेल. तिथे आठही पायऱ्या एकदम सुरू करू नका. मुलाला ते नवं नाटक वाटेल.

पहिले दोन आठवडे फक्त प्रश्न आणि सूचना कमी करा. दिवसातून एकदा काही न मागता जवळ जा. काही खायला ठेवा, तो बघत असलेला खेळ पाच मिनिटं बघा, त्याला आवडणाऱ्या विषयावरचं काही सापडलं तर पाठवा. उत्तर आलं नाही तर तगादा नको. मग एक छोटी चिठ्ठी लिहा, कारण तोंडाने बोललं की दोघंही जुन्या वाक्यांवर घसरता. चिठ्ठीत तीन गोष्टी पुरतात. माझं काय चुकलं ते एका ओळीत, पुढे मी काय करणार नाही ते एका ओळीत, आणि कधीही, काहीही झालं तरी मला उठवलंस तरी चालेल. उत्तराची अपेक्षा लिहू नका.

त्याचबरोबर दुसरं एक मोठं माणूस शोधा. मामा, काकू, आजी, खेळाचे प्रशिक्षक, शाळेचे समुपदेशक, ज्याच्याशी मुलाचं पटतं असं कुणीही. त्यांना हेर बनवू नका. मुलालाच सांगा, "मला सांगावंसं वाटलं नाही तर ताईकडे जा, ती मला सांगणार नाही असं आमचं ठरलंय, फक्त धोका असला तरच सांगेल." काही मुलं आधी तिथे जातात आणि मग कित्येक महिन्यांनी तुमच्याकडे येतात. कुणाकडे आधी गेली याचं वाईट वाटून घेऊ नका. आणि ते पहिल्यांदा तुमच्याशी बोलेल तेव्हा बहुधा अगदी फालतू वाटणारी गोष्ट सांगेल. त्या वेळी हातातलं काम ठेवा आणि ती पूर्ण ऐका.